शेवटच्या काळाचा क्रम : आधी उचललं जाणं की आधी संकट? (आणि एका फ्लेक्सची गोष्ट)

बेथेलचा_नातू

नमस्कार आणि जय ख्रिस्त.

जालन्याजवळ आमची घरगुती प्रार्थनासभा आहे. दर बुधवारी संध्याकाळी, पंधरा-वीस माणसं, शेवटी चहा-पोहे. यंदा जूनपासून आम्ही बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, वाचायला घेतलं. लोकांना सोपं जावं म्हणून मी हौसेनं आठ बाय तीनचा फ्लेक्स करून घेतला. डावीकडून उजवीकडे जाडजूड बाण आणि त्यावर चौकटी: मंडळीचं उचललं जाणं (विश्वासणाऱ्यांना प्रभूला भेटायला मेघांत नेलं जाणं), सात वर्षांचं महासंकट, हर्मगिदोनची लढाई, हजार वर्षांचं राज्य, पांढरं राजासन, नवी पृथ्वी.

फ्लेक्सवाल्यानं दोन चौकटींची अदलाबदल केली. हजार वर्षं आधी आली आणि महासंकट नंतर. तीन बुधवार कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा! मी छडी घेऊन बाणावरून पुढं सरकत होतो आणि माणसं माना डोलवत होती. चौथ्या बुधवारी सातवीतली एक पोरगी म्हणाली, "काका, सैतानाला हजार वर्षं बांधून ठेवलं, सगळं चांगलं झालं, मग हे संकट आणलं कुणी?"

दुरुस्ती करायची म्हणून रात्री बायबल घेऊन बसलो. वाटलं, सगळा क्रम एखाद्या अध्यायात ओळीनं लिहिलेला असेल. नाही ना! उचललं जाणं थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात. सात वर्षं दानीएलाच्या नवव्या अध्यायातल्या सत्तराव्या सप्तकातून (सप्तक म्हणजे सात वर्षांचा गट). हजार वर्षं प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात, आणि तीही फक्त तिथंच. प्रकटीकरणात 'सात वर्षं' असे शब्दच नाहीत. बेचाळीस महिने आहेत, १२६० दिवस आहेत, म्हणजे साडेतीन वर्षं.

तर प्रश्न असा: हा क्रम पुस्तकातला आहे की आपण तीन ठिकाणचे तुकडे आणून शिवलेली गोधडी आहे? जाणकारांनी सांगावं. भांडू नका, पण भांडलात तरी वाचीन.

कामून_बरं

त्या पोरीला पाळक करा आणि तुम्ही चहा-पोह्याचं बघा. धागा संपला.

दृढविश्वास

धागाकर्ते, गोधडी म्हणू नका. वचन वचनाचा अर्थ सांगतं, असंच आपण शिकलोय. दानीएल ९ मध्ये सत्तर सप्तकं म्हणजे ४९० वर्षं. एकोणसत्तर संपल्यावर अभिषिक्ताचा वध होतो असं स्पष्ट आहे. उरलेलं एक सप्तक इस्राएलासाठी राखून ठेवलंय, तेच महासंकट. मंडळी त्याआधी उचलली जाणार, कारण १ थेस्सलनीकाकर ५:९ म्हणतं की देवानं आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही. फिलदेल्फियाच्या मंडळीलाही परीक्षाप्रसंगापासून राखीन असं वचन आहे (प्रकटीकरण ३:१०). आणि एक गोष्ट तपासून पाहा: प्रकटीकरणाच्या पहिल्या तीन अध्यायांत 'मंडळी' हा शब्द पानोपानी आहे. चौथ्या अध्यायापासून तो गायब होतो, तो थेट २२:१६ ला परत येतो. मधे मंडळी कुठं गेली? वर गेली.

फ्लेक्स दुरुस्त करा, शिकवण बरोबर आहे.

ज्वारीची_भाकर

पथारी टाकून ठेवतो. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

वेशीवरचा_म्हातारा

मी निवृत्त पाळक आहे. चाळीस वर्षं बीड-जालना-परभणी भागात सेवा केली, तेव्हा थोडं लांबण लावतो.

दृढविश्वास भाऊ, तुमचा शेवटचा मुद्दा मीही तरुणपणी आवेशानं सांगायचो. पण 'मंडळी' शब्द नसला तरी 'पवित्र जन' आहेत ना! तेराव्या अध्यायात श्वापद (देवाविरुद्ध उठणारी सत्ता) त्यांच्याशीच लढतं आणि त्यांना जिंकतं. ते पवित्र जन म्हणजे नंतर विश्वास ठेवलेले वेगळे लोक, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण तसं तिथं लिहिलेलं नाही, ते आपण आणतो.

मंडळी आधी गुपचूप उचलली जाणार, मग सात वर्षं, मग उघड आगमन, ही दोन टप्प्यांची पद्धतशीर मांडणी जॉन नेल्सन डार्बी या ब्रिटिश उपदेशकाची, १८३० च्या दशकातली. पुढं १९०९ साली स्कोफिल्ड यांचं टिपांचं बायबल आलं आणि मांडणी घरोघर गेली. टीप पानाच्या खाली आणि वचन वर. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही एकाच आवाजात बोलू लागतात. तुमच्या फ्लेक्सचा आजोबा तो.

आता 'सामोरे होण्यासाठी' या शब्दांकडे बघा. मेघांत उचलले जाऊ, ते प्रभूला सामोरे होण्यासाठी. मूळ ग्रीक शब्द नव्या करारात आणखी दोन ठिकाणी येतो. एक, दहा कुमारींच्या दाखल्यात, वराला सामोऱ्या जाताना. दुसरा, प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात, रोमचे बंधू पौलाला घ्यायला अप्पियाच्या पेठेपर्यंत येतात तेव्हा. दोन्हीकडे माणसं बाहेर जातात, पाहुण्याला घेतात आणि त्याच्यासोबत माघारी येतात.

आपल्या खेड्यात नवरदेव मारुतीच्या देवळात उतरतो. वाजंत्री घेऊन आपण त्याला आणायला जातो. कुणी देवळापाशी नवरदेवाला भेटून, त्याच्यासोबत त्याच्याच गावाला सात वर्षं निघून जातं का? वाजतगाजत मांडवात आणतो.

म्हणजे उचललं जाणं खोटं, असं मी म्हणत नाही. ते आणि आगमन ही एकच गोष्ट असू शकते, एवढंच.

कामून_बरं

सात वर्षं मारुतीच्या देवळात वऱ्हाड 😂 जेवणाचं काय केलं मग वरमाईनं?

किल्लारी_९३

थोडं अवांतर, पण राहवत नाही.

मी औशाकडचा. ३० सप्टेंबर १९९३ ला नऊ वर्षांचा होतो. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी, विसर्जनाहून येऊन माणसं झोपली होती, पहाटे चार वाजायला थोडी मिनिटं होती. माळवदाची घरं, भिंती दगड-मातीच्या. बाकीचं लिहीत नाही.

आठवडाभरानं एका गाडीतून काही लोक चादरी वाटायला आले. चादरीच्या घडीत एक पत्रक. 'जागोजागी भूमिकंप होतील, मत्तय २४:७. शेवट जवळ आहे.' माझे वडील मिशनच्या वसतिगृहात राहून शिकलेले. त्यांनी पत्रक वाचलं आणि त्या माणसाला म्हणाले, "भाऊ, सातवं वचन छापलं, सहावं आणि आठवं कामून सोडलं?" सहावं म्हणतं, एवढ्यात शेवट नाही. आठवं म्हणतं, या तर वेदनांचा आरंभ. प्रसूतीच्या वेदना.

आमची आजी सुईण होती. ती तिथंच तंबूच्या तोंडाशी बसली होती, चुलीवर डेचकी. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "कळा सुरू झाल्या म्हंजी लेकरू येणार हे खरं. पर कवा येणार हे सुईणीलाबी सांगता येत नाही. पहिलटकरणीला दोन-दोन दिस जातेत."

त्या माणसानं चादर दिली आणि पत्रक परत घेतलं.

निवांत_मावशी

किल्लारी, तुमच्या आजीला माझा सलाम. दोनदा वाचलं.

रोखठोक

सगळं ठीक. पण मला एक कळत नाही. तारखा देणारे दर वेळी तोंडावर पडतात तरी दुकान चालू कसं राहतं? विल्यम मिलर यांनी दानीएलातले २३०० दिवस वर्षं धरून हिशेब केला, इ.स.पू. ४५७ पासून मोजलं, आणि २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख त्यांच्या चळवळीनं पक्की केली. लोकांनी पिकं शेतात तशीच सोडली होती म्हणतात. काही झालं नाही. अमेरिकेतल्या हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितलं, मग २१ ऑक्टोबर सांगितलं. आपल्याकडं निदान कलियुग ४,३२,००० वर्षांचं आहे, त्यातली पाचेक हजारच झालीत. निवांत कर्ज काढा.

दृढविश्वास

रोखठोक, तारीख देणं आणि क्रम मानणं यात फरक आहे. मार्क १३:३२ स्पष्ट सांगतं की तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. आमच्यातलं कुणी तारीख देत नाही.

पाळकसाहेब, डार्बी अलीकडचे म्हणून चूक, असं म्हणायचं असेल तर मग जुन्याचा मान राखा. जस्टिन मार्टर आणि इरेनियस हे दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक, दोघंही ख्रिस्ताच्या पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याची वाट बघत होते. हजार वर्षं म्हणजे मंडळीचा सध्याचा काळ, हे रूढ केलं बिशप ऑगस्टीन यांनी, त्यांच्या नंतर अडीचशे वर्षांनी. ते स्वतः आधी पृथ्वीवरचं राज्य मानत होते आणि नंतर मत बदललं.

वेशीवरचा_म्हातारा

हे बरोबर बोललात, मान्य. पण त्या दोघांनाही संकटाआधी निसटून जाण्याची कल्पना माहीत नव्हती. इरेनियस तर मंडळीनं ख्रिस्तविरोधकाचा छळ सोसायचा आहे असं धरूनच लिहितात. तेव्हा त्यांना साक्षीला बोलावलंत तर अर्धीच साक्ष तुमच्या बाजूनं पडेल.

कोरडवाहू

मी शेतकरी माणूस, धर्मानं ख्रिस्ती नाही. पण धागा वाचून कुतूहल म्हणून प्रकटीकरण वाचून काढलं, सोयाबीनला फवारणी चालू असताना, झाडाखाली बसून. शिक्के, कर्णे, वाट्या असे संकटांचे सात-सातचे तीन फेरे आहेत. धागाकर्त्यांच्या बाणाप्रमाणं ते एकामागून एक होणार ना? मग दोन शंका.

पहिल्या कर्ण्याला सगळं हिरवं गवत जळून जातं (८:७). पाचव्या कर्ण्याला टोळांना हुकूम आहे की गवताला हात लावू नका (९:४). कोणतं गवत? पण ही शंका मीच सोडवली. आमच्या बांधाला मागच्या वर्षी कुणीतरी बिडी टाकून वणवा लावला, पहिला पाऊस पडला अन् आठ दिवसांत हिरवंगार. तेव्हा ते चालतंय.

दुसरी सुटत नाही. सहाव्या शिक्क्याला तारे पृथ्वीवर पडतात, कच्ची अंजिरं वाऱ्यानं गळावीत तसे, आणि आकाश गुंडाळीसारखं गुंडाळलं जातं. बरं. मग चौथ्या कर्ण्याला ताऱ्यांचा तिसरा हिस्सा काळवंडतो, तो कोणत्या ताऱ्यांचा? गवत पुन्हा उगवतं, तारे नाही उगवत.

बेथेलचा_नातू

कोरडवाहू, बुधवारी या राव. पोहे माझ्याकडून.

वेशीवरचा_म्हातारा

कोरडवाहूंनी नेमकं मर्मावर बोट ठेवलं. यावरचं उत्तर जुनं आहे. तिसऱ्या शतकात पेट्टाऊचे बिशप व्हिक्टोरिनस यांनी प्रकटीकरणावर भाष्य लिहिलं. त्यांचं म्हणणं, वाट्या म्हणजे कर्ण्यांनंतरच्या नव्या घटना नव्हेत, जे आधी सांगितलं तेच पुन्हा अधिक उघड करून सांगितलंय. आणि गंमत म्हणजे ते स्वतः हजार वर्षांचं राज्य मानणारे होते!

खूण पाहायची असेल तर प्रत्येक फेऱ्याचा शेवट बघा. सातव्या शिक्क्यानंतर गडगडाट, विजा, भूमिकंप. सातव्या कर्ण्यानंतर तेच, आणि गारा. सातव्या वाटीनंतर तेच, गारा आणखी मोठ्या. दर वेळी शेवटापर्यंत जाऊन योहान पुन्हा मागं येतो. बाराव्या अध्यायात तर तो थेट बाळाच्या जन्मापर्यंत मागं जातो, अजगर टपून बसलाय तिथवर.

टाळकरी

म्हणजे पालुपद. भजनात चरण बदलतो, सूर चढतो, पण ध्रुवपदाला परत यावंच लागतं. नवखा टाळकरी समजतो अभंग संपला आणि टाळ खाली ठेवतो.

दृढविश्वास

आकाश गुंडाळणं हे अलंकारिक असू शकतं. यशया ३४ मध्येही ते अदोमाच्या नाशाबद्दल आलंय.

कोरडवाहू

दृढविश्वास दादा, तुम्ही अलंकारिक म्हणायला लागलात तर मग हजार वर्षांनी काय घोडं मारलंय?

कामून_बरं

+१. मोठा षटकार. चेंडू गोदावरीत.

औरंगाबादी_चाय

आदाब सगळ्यांना. आमच्याकडं पण कयामतच्या निशाण्यांची लंबी यादी असते. दज्जाल (खोटा मसीहा) येणार, मग हजरत ईसा आसमानातून उतरणार आणि दज्जालला मारणार. तेव्हा तुमचे येशू आणि आमचे ईसा, इंतजार दोघांचा सारखाच. लहानपणी मोहल्ल्यात आमचे एक चाचा यादीवर टिक करत बसायचे, ऊंच इमारती झाल्या, टिक. पुढं त्यांच्याच मुलानं चार मजली बांधली, तर यादी बाजूला ठेवून वरच्या मजल्याचं भाडं किती घ्यावं विचारत होते.

निवांत_मावशी

आम्ही कॅथलिक. आमच्याकडं हा बाण, चौकटी, फ्लेक्स काहीच नसतं. दर रविवारी 'तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास पुन्हा येईल' म्हणतो आणि घरी येऊन मटण टाकतो. पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याची शिकवण आमचं चर्च मान्य करत नाही, पण शेवटच्या आगमनाआधी मंडळीला मोठ्या परीक्षेतून जावं लागेल असं मात्र शिकवतं. म्हणजे निसटायची सोय आम्हालाही नाही.

सातबारा

हसताय सगळे, हसा. आमच्या घरात या 'क्रमा'पायी दोन एकर गेली आहे.

१९९९ साल. बाहेरून एक प्रचारक यायचा, नाव घेत नाही. त्याच्याकडं असाच तक्ता होता, कापडावर रंगवलेला. २००० च्या आत उचललं जाणं होणार, मागं राहणाऱ्यांसाठी जमीन कशाला ठेवता? माझ्या चुलत आजोबांनी विहिरीजवळची दोन एकर विकली आणि पैसे त्याच्या कामाला दिले. ३१ डिसेंबरच्या वॉचनाइटला म्हातारा नवं धोतर नेसून पहिल्या बाकावर. बारा वाजले. घंटा झाली. लोकांनी एकमेकांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या. आजोबा उठलेच नाहीत बाकावरून. कुणी चहा आणून दिला, तो हातात धरून बसले, त्यावर साय आली तरी.

त्यांनी विश्वास नाही सोडला. चर्चला मरेपर्यंत गेले. पण त्या विहिरीवरून जायचं म्हटलं की लांबच्या वाटेनं जायचे.

तेव्हा दृढविश्वास, तारीख आणि क्रम वेगळे हे पुस्तकात खरं असेल. तक्ता भिंतीवर लागला की माणूस आपण कोणत्या चौकटीत आहोत हे शोधायला लागतोच.

दृढविश्वास

सातबारा, वाचून वाईट वाटलं. त्या माणसाची बाजू मी घेणार नाही.

रोखठोक

आता ६६६ वर, म्हणजे श्वापदाच्या आकड्यावर, कुणीच कसं बोललं नाही?

कामून_बरं

आधी बारकोड होता, मग आधार, मग लस, आता यूपीआय. श्वापदानं खातं कोणत्या बँकेत उघडलंय तेवढं कळवा.

ज्वारीची_भाकर

'खूण नसेल त्याला विकत घेता येणार नाही', हे वचन आमची आई राशन दुकानाच्या रांगेत म्हणते. जन्मभर भाकरी थापून आणि निंदणी-खुरपणी करून तिच्या अंगठ्याच्या रेषा गेल्यात. मशीनवर अंगठा उठत नाही. दुकानदार म्हणतो, मावशी, हात पुसून लावा. ती पदराला पुसते, पुन्हा लावते, पुन्हा लाल दिवा. चौथ्यांदा उठला की म्हणते, "घे, आलं तुझं श्वापद."

वेशीवरचा_म्हातारा

६६६ बद्दल थोडक्यात. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असतं. 'नेरोन केसर' (रोमी सम्राट नीरो) हिब्रूत लिहून बेरीज केली तर ६६६ येते. शेवटचा 'न' काढून लॅटिन धाटणीनं 'नेरो' लिहिलं तर ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की योहानाच्या पहिल्या वाचकांना हे कोडं नीरोचं म्हणून कळत होतं. त्याच न्यायानं काही जण मत्तय २४ मधलं बरंचसं इ.स. ७० मध्ये रोमी सैन्यानं यरुशलेमचं मंदिर पाडलं तेव्हाच पुरं झालं मानतात. 'ही पिढी नाहीशी होणार नाही' हे वचन त्यांच्या हातात आहे, आणि ते सहज काढून घेता येत नाही.

कोरडवाहू

मला तिसऱ्या शिक्क्याचा काळा घोडा आवडला. स्वारानं तराजू हातात घेतलेला. दिवसाच्या मजुरीत शेरभर गहू किंवा तीन शेर जव, आणि तेल व द्राक्षारसाला धक्का लावू नका. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा मी तिथं नातेवाइकांकडं होतो. घागरींच्या रांगा लागलेल्या आणि समोरच्या दुकानात थंडगार बाटल्यांचे खोके उतरत होते. हे भविष्य आहे की बातमी, मला ठरवता येईना.

बेथेलचा_नातू

मंडळी, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. माझ्या प्रश्नाकडं परत येतो, कारण एक गाठ अजून सुटली नाही. सगळा वाद शेवटी एकोणीस आणि वीस या दोन अध्यायांच्या जोडावर येतो ना? एकोणिसाव्यात पांढऱ्या घोड्यावरचा स्वार येतो, राष्ट्रांची सैन्यं मारली जातात, पाखरं त्यांचं मांस खातात. विसाव्यात सैतानाला बांधतात, कशासाठी, तर त्यानं राष्ट्रांना पुन्हा फसवू नये म्हणून. सगळे मेले असतील तर राष्ट्रं उरली कोणती? आणि पुढं गोग-मागोग, म्हणजे सुटलेला सैतान लढाईला गोळा करतो ती राष्ट्रं, येतात. यहेज्केल ३९ काढून बघितलं, तर गोगाच्या लढाईत पाखरांना तेच मेजवानीचं आमंत्रण आहे, जे योहानानं एकोणिसाव्यात वापरलंय. मग एकोणीसची आणि वीसच्या शेवटची लढाई एकच का नसावी?

दृढविश्वास

कारण विसाव्यात सैतानाला ज्या अग्निसरोवरात टाकतात, तिथं श्वापद आणि खोटा संदेष्टा आधीच टाकलेले आहेत (२०:१०), आणि ते एकोणिसाव्याच्या शेवटी टाकले गेले. हा क्रम योहानाचा स्वतःचा आहे, स्कोफिल्डचा नाही. शिवाय मारले गेले ते सैन्य. घरी बायका-लेकरं, म्हातारीकोतारी नव्हती का?

वेशीवरचा_म्हातारा

हा मुद्दा भक्कम आहे. मी एवढी वर्षं दुसऱ्या बाजूनं शिकवलं, पण इथं आलो की आवाज जरा खाली यायचा माझा. नातू, तुमच्या गोधडीत निदान ही एक शिवण मूळ कापडाची असू शकते. उचललं जाणं आणि सात वर्षं यांच्यामधली मात्र हातशिलाईच आहे, ती मी मागं घेत नाही.

दृढविश्वास

त्यावर वेगळा धागा काढतो. ३:१० वर सविस्तर लिहायचंय.

कामून_बरं

काढा. पण क्रमानं लिहा.

निवांत_मावशी

नातू, त्या पोरीला उत्तर काय दिलंत शेवटी? तिनंच विचारलं होतं ना?

बेथेलचा_नातू

मावशी, परवा तिला म्हटलं, फ्लेक्स चुकला होता, तू बरोबर होतीस. तर म्हणे, "मला माहितीय. पण काका, हजार वर्षांनंतर सैतानाला परत सोडतात कशाला? बांधला होता ना चांगला?" बायबलमध्ये बघितलं. 'थोडा वेळ सोडले पाहिजे' एवढंच लिहिलंय, का ते नाही. तिला तसंच सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

भिंत सध्या रिकामी आहे.

कोरडवाहू

नातू, तो फ्लेक्स आठ बाय तीनचा म्हणालात ना? फेकला नसेल तर सांगा. सोयाबीनची गंजी लावलीय आणि रात्रीपासून आभाळ आलंय. माझ्याकडची ताडपत्री एका बाजूनं कमी पडतेय.

बेथेलचा_नातू

आहे. पोरगं पाठवतो मोटारसायकलवर. छापील बाजू खाली घाला, रंग ओला झाला की उतरतो.